नवशिक्यांसाठी धावणे : शारीरिक व मानसिक लाभ (उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील प्राध्यापकांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या मध्य रेल्वेवरील शहरांतील अनेक प्राध्यापकांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. गाडीत उभे राहणे, वर्गात उभे राहणे आणि घरी उत्तरपत्रिका किंवा संगणकासमोर बसणे, असा हा क्रम. यात थकवा भरपूर असतो. हृदयाची गती वाढविणारा व्यायाम मात्र जवळजवळ नसतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनकडे पाहून धावणे म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, असा समज होण्याचा संभव आहे. आरोग्यासाठी याहून फार थोडे पुरेसे असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शारीरिक लाभ :
नियमित धावण्याने हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलू लागते. परिणामी विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके कमी होतात. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर शोषून घेतात. मधुमेहाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. अमेरिकेतील ५५,१३७ प्रौढांचा सरासरी १५ वर्षे मागोवा घेणारे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात धावणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. दिवसाला ५ ते १० मिनिटे संथ गतीने धावणाऱ्यांमध्येही तो लक्षणीय कमी होता. सदर संशोधन निरीक्षणात्मक असल्याने सर्व श्रेय केवळ धावण्याला देता येत नाही. तथापि थोड्या व्यायामालाही मोल आहे, हे त्यातून सूचित होते.

धावल्याने गुडघे झिजतात, ही सर्वसामान्य शंका आहे. २०१७ मधील एका संशोधन-आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के, तर बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळले.

मानसिक लाभ :
धावल्यानंतरच्या प्रसन्नतेचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला दिले जाई. मात्र रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी प्रवेश करीत नाही. त्यामुळे आता एंडोकॅनाबिनॉइड या, मेंदूपर्यंत पोहोचू शकणाऱ्या द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता व नैराश्याची लक्षणे सौम्य होतात. परीक्षा, मूल्यमापन व प्रशासकीय कामांच्या ताणाखाली असलेल्या अध्यापकवर्गाला हा लाभ विशेष मोलाचा आहे.

प्रारंभाची पद्धत :
हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. स्नायुबंध व हाडे यांना अधिक काळ लागतो. दम पुरतो म्हणून अंतर एकदम वाढविल्यास दुखापत होते ती यामुळेच. म्हणून १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे, अशा आवर्तनांनी दिवसाआड सुरुवात करावी. धावताना सोबत्याशी बोलता येईल इतकीच गती ठेवावी. उल्हासनगरच्या गोल मैदानासारखी मोकळी जागा निवडावी; औद्योगिक वसाहतीतील व वर्दळीचे रस्ते टाळावेत. एप्रिल-मे महिन्यांत दमट उष्म्यामुळे सूर्योदयापूर्वीची वेळ योग्य ठरते. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

समारोप :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्यातून किमान ७५ मिनिटे जोमदार व्यायाम पुरेसा आहे. म्हणजेच आठवड्यातून ३ दिवस, प्रत्येकी २५ मिनिटे. नवशिक्याने वेग व अंतर यांपेक्षा सातत्याला महत्त्व दिल्यास लोकलच्या वेळापत्रकातही एवढा वेळ काढणे अशक्य नाही.