शिंदे बंधूंचा सन्मान शालीपुरता नको

16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्याच जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या वस्त्यांत भीमजयंती गाण्याविना पार पडत नाही, आणि भीमगीत म्हटले की आनंद आणि मिलिंद शिंदे या भावांचा आवाज आलाच. वडील प्रल्हाद शिंदे (1933-2004) कव्वाली, विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते सारख्याच ताकदीने गात. तो खुला, चढा आवाज मुलांनी उचलला. आनंद यांचे पुत्र आदर्श आणि उत्कर्ष आज तो पुढे नेत आहेत. ख्यालगायकीत तीन पिढ्यांची अशी परंपरा दिसली की आपण तिला घराण्याचा मान देतो. लोकगायकांना मात्र शाल-श्रीफळ देऊन मोकळे होतो. या भावांचा खरा सन्मान त्यांच्या गाण्यांची नीट नोंद करण्यात आहे.

कारण हे गाणे कॅसेटवर वाढले. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि रेडिओची वाट न पाहता गाणे पानठेल्यावर, मंडपात, लग्नाच्या वरातीत पोहोचले. पण फीत ओलीने चिकटते, डबीतला कागद फाटतो आणि त्याबरोबर कवी, संगीतकार, ढोलकीवाला, कोरस यांची नावेही जातात. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणे प्रल्हाद शिंदेंचे म्हणून घरोघरी ठाऊक आहे. ते लिहिणारे दत्ता पाटील कितीजणांना आठवतात?

आनंद शिंदेंच्या ‘नवीन पोपट हा’सारख्या उडत्या गाण्यांचे कसले जतन, असे कुणी म्हणेल. पण ज्या गळ्याने लोकांना नाचवले, त्याच गळ्याने समतेचा विचारही वस्तीवस्तीत नेला. अर्धा गळा जपता येत नाही. एकाच कुटुंबाचे कौतुक केल्याने इतर झाकोळतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. वामनदादा कर्डकांसारख्या (1922-2004) कवींच्या शब्दांवर ही सारी गायकी उभी आहे. म्हणूनच नोंद हवी. तिच्यात गायकाशेजारी कवी आणि साथीदारही उभे राहतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागातल्या लोककलेला देशभर मान मिळाला. तसाच मान भीमगीतांनाही मिळावा, यासाठी गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने गावोगावच्या भीमगीतांच्या कॅसेटचा संग्रह हाती घ्यावा. आणि वाचकहो, घरात जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. आतल्या कागदासकट जपून ठेवा.