पडद्यावरची आडवी रेघ खरी कशी ठरते

मोबाइलच्या मनोऱ्यावर, उपग्रहाच्या रिसीव्हरमध्ये, विमानतळाच्या रडारमध्ये फिल्टर असतो. हवी ती फ्रिक्वेन्सी पुढे जाऊ द्यायची आणि शेजारची अडवायची, हे त्याचं काम. तो ते नीट करतो का हे पाहण्यासाठी मायक्रोवेव्ह स्वीप जनरेटर वापरतात. हा जनरेटर, समजा, २ गीगाहर्ट्झपासून निघून ८ गीगाहर्ट्झपर्यंत सलग चढत जातो आणि फिल्टरमधून किती सिग्नल पार झाला याचा आलेख पडद्यावर उमटतो. पाहणाऱ्याची नजर साहजिकच आलेखाच्या उंचीवर खिळते. पण माझ्या मते उपकरणाची खरी कसोटी आडव्या अक्षावर लागते. उंची प्रत्यक्ष मोजलेली असते. जुन्या धाटणीच्या स्वीपरमध्ये फ्रिक्वेन्सी मात्र मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते. ऑसिलेटरला ‘वर चढ’ म्हणून जे व्होल्टेज हुकूम देतं, तेच पडद्यावरचा ठिपका उजवीकडे सरकवतं. हुकूम पाळला गेला की नाही, हे कुणी विचारत नाही. ते गृहीतक प्रत्येक क्षणी खरं ठेवण्याची जबाबदारी स्वीप नियंत्रण सर्किटवर असते.

या सर्किटचा उगम साधा आहे. कपॅसिटरमध्ये कायम एकाच मापाचा प्रवाह सोडला, तर एकसारख्या धारेखालच्या हौदात पाणी चढावं तसं त्याचं व्होल्टेज सरळ रेषेत चढतं. १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १ मिलिअँपियर दिला, की १० मिलिसेकंदांत ० पासून १० व्होल्ट होतात. तिथे पोचताच तुलना करणारं सर्किट कपॅसिटर रिकामा करतं, परतीच्या वाटेवर पडदा काळा ठेवतं आणि नवी फेरी सुरू होते. या चढत्या व्होल्टेजला रॅम्प म्हणतात. मधली फ्रिक्वेन्सी आणि पट्ट्याची रुंदी आपण बटणांवर ठरवतो. रॅम्पचा मध्य शून्यावर आणून, त्या रुंदीच्या प्रमाणात तो लहान करून, मधल्या फ्रिक्वेन्सीच्या स्थिर व्होल्टेजमध्ये मिळवला, की ऑसिलेटरला द्यायचा हुकूम तयार होतो.

अवघड भाग त्यानंतर येतो. बहुतेक चांगल्या स्वीपरमध्ये यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकाची बारीकशी गोळी असते. तिला यिग म्हणतात. या पदार्थाचे चुंबकीय गुण १९५६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला उजेडात आले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली ही गोळी दर गॉसमागे सुमारे २.८ मेगाहर्ट्झ या हिशेबाने अनुनाद देते. म्हणजे २ गीगाहर्ट्झसाठी जवळपास ७१४ गॉस आणि ८ गीगाहर्ट्झसाठी २,८५७ गॉस लागतात. नातं इतकं सरळ, की रॅम्पचा प्रवाह करून चुंबकाच्या कॉइलमध्ये सोडला तर काम झालं असं वाटावं. पण चुंबक जड असतो. प्रवाह बदलला की त्याच्या गाभ्यात भोवरी प्रवाह उठतात आणि क्षेत्र हुकुमाच्या थोडं मागे राहतं. ६ गीगाहर्ट्झचा पट्टा १० मिलिसेकंदांत पार करायचा, तर वेग झाला मिलिसेकंदाला ६०० मेगाहर्ट्झ. क्षेत्र केवळ १० मायक्रोसेकंद मागे राहिलं, तरी आलेख ६ मेगाहर्ट्झने खोटा बोलतो. म्हणून नियंत्रण सर्किट स्वीपच्या वेगाच्या प्रमाणात थोडा जादा प्रवाह आधीच देऊन ठेवतं. पट्टा अगदी अरुंद असेल तर रॅम्प मुख्य कॉइलऐवजी गोळीजवळच्या छोट्या, चपळ कॉइलकडे वळवतात.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सावकाश स्वीप करा. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच पुरतो. सावकाशीने विलंबाची चूक जाते, चुंबकाची स्मृती जात नाही. गाभ्यातलं क्षेत्र आताच्या प्रवाहाइतकंच आधीच्या प्रवासावरही अवलंबून असतं. वरून खाली येताना आणि खालून वर जाताना एकाच प्रवाहाला वेगळी फ्रिक्वेन्सी मिळते. म्हणून मोजणी चढतानाच करायची, आणि प्रत्येक फेरीआधी चुंबकाला त्याच वाटेने खाली आणून क्षणभर थांबवायचं, हा नियम सर्किटच पाळतं. थांबायचं कधी हे कळणं मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. ‘एचपी ८३४०’ हा स्वीपर १० मेगाहर्ट्झपासून २६.५ गीगाहर्ट्झपर्यंत जाई, पण त्याचा मूळ ऑसिलेटर ७ गीगाहर्ट्झपर्यंतच चाले. पुढचा पल्ला दुप्पट, तिप्पट, चौपट करून गाठायचा. त्यामुळे ७ वर पोचताच ऑसिलेटरला ३.५ वर परतावं लागे. तेवढ्या वेळात रॅम्पचा प्रवाह तोडतात, कपॅसिटर आहे त्या व्होल्टेजवर थबकतो आणि ठिपका जागीच राहतो. ऑसिलेटर स्थिरावला की रॅम्प पुढे निघतो आणि आलेखात सांधा दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजचे सिंथेसायझर प्रत्येक बिंदूवर फ्रिक्वेन्सी क्वार्ट्झ स्फटिकाशी जखडतात, मग हे सर्किट कालबाह्य झालं नाही का? अचूकतेत सिंथेसायझर निर्विवाद पुढे आहेत. पण जखडायला वेळ लागतो. बिंदूमागे १ मिलिसेकंद धरला तरी १,००० बिंदूंना पूर्ण सेकंद जातो. फिल्टरचे स्क्रू फिरवत समोरचा आलेख पाहणाऱ्या तंत्रज्ञाला ही दिरंगाई सोसत नाही. म्हणूनच ‘८३४०’ सारख्या यंत्रांनी मधला मार्ग काढला: स्वीपच्या आरंभी फ्रिक्वेन्सी जखडायची, मग रॅम्पवर मोकळी सोडायची. बिंदूबिंदूने चालणाऱ्या यंत्रांतही यिग असेल तिथे चुंबकाची स्मृती आणि पट्टे बदलतानाचा थांबा उरतोच. कपॅसिटरची जागा प्रोसेसरने घेतली, काम तेच राहिलं.

प्रयोगशाळेत जुना स्वीपर हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: तीच मोजणी एकदा वेगाने आणि एकदा सावकाश घ्या. शिखर सरकलेलं दिसलं तर फिल्टरला दोष देऊ नका. सावकाश घेतलेला आलेखच वहीत उतरवा आणि शेजारी स्वीपचा वेळ लिहा.