सोळा घरांत सहाचा ठेका

हळदीच्या रात्री मुरबाड-शहापूर पट्ट्यात जे वाजतं, त्यातलं पुष्कळसं सहा मात्रांचं असतं. हल्ली ते ज्या सॉफ्टवेअरवर बनतं, त्याची पहिली चौकट मात्र सोळा घरांची. एफएल स्टुडिओ 1997 साली बेल्जियममध्ये ‘फ्रूटीलूप्स’ या नावानं निघालं. चार-चारच्या गटात घरं भरायची आणि पॅटर्न फिरवत ठेवायचा, ही त्याची मूळ रीत. या दोघांचं जमतं कसं, ते बघायला मी मुरबाडजवळच्या एका गावात, एका पोराच्या खोलीत जाऊन बसलो.

खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. जुना कॉम्प्युटर, साउंड कार्ड, एक कंडेन्सर माइक, कीबोर्ड आणि आठ पॅडचा ऑक्टोपॅड. शिवाय बेंजो. (आपल्याकडचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, 1912 च्या जपानी ताइशोगोतोचा वंशज. तो पिकअप लावून वरातीत कसा शिरला, हा वेगळा लेख होईल.) भिंतींवर घोंगड्या ठोकलेल्या. लोकर आवाजाची वरची खणखण शोषते, खर्ज मात्र तिला दाद देत नाही. 60 हर्ट्झची लहर पावणेसहा मीटर लांब, म्हणजे खोलीहूनही मोठी. घोंगडीची जाडी तिच्यापुढे काय! पावसात पत्रा वाजू लागला की गायकाला घरी पाठवायचं आणि बीट बसवत बसायचं.

बीट बसवणं हेच खरं काम. एफएलमध्ये एका ठोक्याचे 96 टिक पडतात आणि त्याचं एक घर 24 टिकांचं. ठोक्याचे तीन भाग केले, तर दुसरा 32 वर आणि तिसरा 64 वर येतो. घरं 24, 48, 72 वर. म्हणजे हळदीचा ठेका सरळ घरांत मांडला की लंगडतो.

“काका, आता ऐका,” असं म्हणत त्यानं पियानो रोल उघडला, स्नॅप ठोक्याच्या तिसऱ्या भागावर नेला आणि टिंबं टाकली. ठेका चोख बसला. मला तो आवडला नाही, त्यालाही नाही. मग तो एकेक टिंब दोन-चार टिक मागे-पुढे सरकवू लागला. ढोलकीची थाप जराशी उशिरा, टाळी जागच्या जागी. तासभर तेच. हे कुठल्या व्हिडिओत शिकवत नाहीत, लग्नांत वाजवून हात तयार झालेल्यालाच ते कळतं.

ऑक्टोपॅड थेट वाजवायचा तर बफरची अडचण. तो 1024 सॅम्पलवर असला, तर 44,100 च्या हिशेबानं आवाज किमान 23 मिलिसेकंद उशिरा येतो आणि हात अडखळतो. 256 वर आणला की सहाच्या आत, पण मग जुना कॉम्प्युटर कुरकुरतो, आवाजात तडतड येते. म्हणून वाजवताना बफर कमी, मिक्सिंगला जास्त.

मिक्सिंगही तो मोनोवर ऐकून तपासतो. मांडवातले टॉप आणि बेस बहुधा दोन्हीकडून एकच आवाज ओकतात. हेडफोनवर दोन्ही कानांत पसरलेला बेंजो तिथे अर्धा विरून जातो. त्यानं तो मधोमध आणला, किकच्या खालचा गाळ कापला.

तेवढ्यात डीजेवाल्याचा फोन: सुरुवातीला नुसता ठेका ठेव, मागचं गाणं जोडता आलं पाहिजे. त्यानं आठ आवर्तनं पुढे चिकटवली आणि फाइल वेव्हमध्ये काढायला लावली.