टॉर्चला आपला पत्ता कशाला हवा?

वर्गाचे हजेरीपत्रक पूर्वी कपाटात असे आणि किल्ली वर्गशिक्षकांकडे. आता पालकांचे नंबर, सहलीचे फोटो, निकालाचे तक्ते हे सारे शिक्षकांच्या मोबाइलमध्ये असते. मग किल्ली कोणाकडे?

अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲपला जणू स्वतंत्र खोली असते. कॅमेरा, माइक, नंबरांची यादी, आपले ठिकाण या गोष्टी त्या खोलीबाहेर. त्या हव्या असतील तर ॲपला फोनच्या कार्यप्रणालीकडे मागणी करावी लागते आणि ती आपल्याला विचारते. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. त्यानंतर त्या एकेक विचारल्या जाऊ लागल्या, दिलेली परत घेताही येऊ लागली. मात्र पहारा फक्त दारावर आहे. माहिती एकदा ॲपच्या हाती गेली की तो ती पुढे कोणाला देतो, हे दार पाहत नाही. अमेरिकेत 2013 साली टॉर्चच्या एका लोकप्रिय ॲपवर तेथील व्यापार आयोगाने कारवाई केली, कारण तो वापरणाऱ्यांचे ठिकाण जाहिरात कंपन्यांना पाठवत होता. उजेड पाडायला पत्ता कशाला लागतो?

हे ठिकाण म्हणजे दोन संख्या. आपल्या छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा साधारण 19.90 उत्तर अक्षांश, 75.32 पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. म्हणून दशांशचिन्हानंतर एकच अंक ठेवला तर 11 किलोमीटरचा चौकोन मिळतो. त्यात बहुतेक शहर मावेल. (रेखांशाचा अंश आपल्याकडे 105 किलोमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे चौकोन किंचित अरुंद.) दोन अंकांनी वस्ती कळते, चार अंकांनी 11 मीटर, म्हणजे घरच. पावसाचा अंदाज सांगायला पहिला अंक पुरतो, रिक्षा दारात बोलवायला चौथा हवा. 2021 च्या बाराव्या आवृत्तीपासून ठिकाण ‘अंदाजे’ द्यायचे की ‘अचूक’, हे निवडता येते. दशांश अपूर्णांक शिकवताना शाळेचे अक्षांश-रेखांश फळ्यावर लिहून एकेक अंक पुसत गेलात, तर मुलांना चौकोन मोठा होताना दिसेल. आम्हाला हा पाठ पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा बरा वाटतो.

नंबरांच्या यादीचे असे तुकडे सहसा पडत नाहीत. परवानगी दिली की अख्खी यादी खुली. परवानगी देतो आपण, नंबर मात्र पालकांचे! कर्ज देणाऱ्या काही ॲपनी अशा यादीतून कर्जदारांच्या नातेवाइकांना फोन करून छळले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये कर्जाच्या ॲपना नंबरांची यादी, कॉलची नोंद आणि फाइली पाहण्यास मनाई केली. 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे.

फोनच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात परवानग्यांची यादी असते. तेथे ‘संपर्क’ उघडा. कोणकोणत्या ॲपना आपल्या वर्गातल्या पालकांचे नंबर दिसतात, त्यांची नावे तेथे ओळीने लिहिलेली सापडतील.