जुना रंग खरवडण्याआधी

दसरा जवळ आला की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा रंग काढायचा का? काढायचा तर रंगाऱ्याला सांगायचे की घरच्या घरी उरकायचे? मजुरीचे दर वाढले आहेत, पॉलिश पेपर आणि ब्रश कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि घासायचे मशीनसुद्धा आता घरपोच येते. त्यामुळे दोन सुट्ट्यांत खिडक्या, दारे आणि बाल्कनीचे ग्रिल स्वतःच रंगवून टाकू, असे ठरवणारी कुटुंबे वाढली आहेत. हौस चांगली आहे, पैसेही वाचतात. मात्र या कामातला सर्वांत धोक्याचा टप्पा नवा रंग लावण्याचा नसतो. जुना रंग खरवडताना जी धूळ उडते, तिच्यात शिसे असू शकते.

रंगात शिसे कशाला घालत, हा प्रश्न साहजिक आहे. शिशाची संयुगे स्वस्त होती आणि गुणी होती. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा क्षार. त्याने रंग दाट बसे आणि एका हातात खालचा डाग झाकला जाई. शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड. लोखंडाला गंज धरू नये म्हणून तो अस्तराला वापरत. पिवळ्या आणि नारिंगी रंगांची झळाळी बऱ्याचदा लेड क्रोमेटची असे. शिवाय ऑइलपेंट लवकर सुकावा म्हणूनही शिशाची संयुगे मिसळली जात.

या सोयीची किंमत मुलांनी मोजली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांना शिशाच्या विषबाधेची मुले दिसू लागली. शिसे येते कुठून, हे कळत नव्हते. ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये बोट दाखवले ते घरांच्या व्हरांड्यातल्या रंगवलेल्या कठड्यांकडे. उन्हाने रंगाची भुकटी होई, कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला ती लागे आणि नखे खाताना, अंगठा चोखताना पोटात जाई. पुढे १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला. अमेरिकेला घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घालायला १९७८ उजाडले. भारतात त्यासाठीचे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, असे ते सांगतात.

याचा अर्थ सरळ आहे. २०१७ च्या आधी लावलेला ऑइलपेंट तुमच्या दारा-खिडक्यांवर असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. वरचा थर अलीकडचा असला तरी खालचे थर जुनेच असतात, आणि पॉलिश पेपर सगळ्यांना एकदमच बाहेर काढतो.

एक ग्रॅम धुळीचा हिशेब

थोड्याशा धुळीने काय होणार, असे वाटत असेल तर हा हिशेब पाहा. समजा, जुन्या रंगात एक टक्का शिसे आहे. ही कल्पना अतिशयोक्त नाही. नियम येण्याआधी आपल्याकडच्या बाजारातल्या काही ऑइलपेंटमध्ये याहूनही अधिक शिसे आढळलेले आहे. अशा रंगाच्या एक ग्रॅम धुळीत दहा मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम शिसे असते. ही धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर दर चौरस फुटावर शंभर मायक्रोग्रॅम शिसे बसेल. अमेरिकेने २०२० पासून घरातल्या जमिनीसाठी धोक्याची रेषा दर चौरस फुटाला दहा मायक्रोग्रॅमवर आणली होती. म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही एवढी धूळ त्या रेषेच्या दहापट होते. आणि एक दार नीट घासले तर निघणारी धूळ एका ग्रॅमवर थांबत नाही.

ही धूळ मोठ्यांपेक्षा लहानांना जास्त बाधते. रांगणारे मूल जमिनीवरच असते आणि त्याचे हात सतत तोंडात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे शोषून घेते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि त्याला हाडांत, दातांत जागा देते. तिथे ते वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा त्याच्याबरोबर शिसेही रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोहोचते.

सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की बहुतेक वेळा लक्षणे दिसतच नाहीत. मूल चिडचिडे होते, पोट दुखते म्हणते, बद्धकोष्ठ होतो, रक्त कमी भरते. पण याची शंभर कारणे असू शकतात. खरे नुकसान बुद्धी, एकाग्रता आणि वागणूक यांचे होते, आणि ते भरून येत नाही. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळले, तर शिसे कुठून येते हे शोधून ते थांबवावे, अशी तिची २०२१ ची सूचना आहे. मोठ्यांमध्येही शिशामुळे रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते.

कुठे सांभाळायचे?

घरातल्या प्रत्येक भिंतीला घाबरण्याचे कारण नाही. चुन्याने किंवा डिस्टेंपरने रंगवलेल्या भिंतींत शिशाची शक्यता कमी असते. संशय घ्यायचा तो ऑइलपेंटचा: दारे, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल, जिन्याचा कठडा, जुने लोखंडी कपाट, पाळणा आणि स्वयंपाकघरात भिंतीला कमरेपर्यंत मारलेला ऑइलपेंटचा पट्टा. त्यातही पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिला सल्ला कमी कष्टाचा आहे. जुना रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे धरले नसतील, तर तो खरवडूच नका. साबणाच्या पाण्याने पुसून, सुकवून त्यावर प्रायमर आणि नवा रंग द्या. शिसे थराखाली बंद राहिले तर ते कोणाच्या पोटात जात नाही. मात्र दार चौकटीला घासते किंवा खिडकी उघडता-मिटताना रंग झिजतो, अशा जागा बघाव्याच लागतात.

खरवडणे अटळ असेल, तर पुढची पथ्ये पाळावीत.

मुले आणि गरोदर स्त्री काम संपून सफाई होईपर्यंत घरात नकोत. दुसऱ्या खोलीत बसवणे पुरेसे नाही. दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवता आले तर उत्तम. खोलीतल्या गाद्या, कपडे, खेळणी, भांडी बाहेर काढावीत. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, दारावरही प्लॅस्टिक लावावे. पंखा आणि एसी बंद ठेवावा.

रंग कोरडा घासू नये. फवाऱ्याच्या बाटलीने पृष्ठभाग ओला करत वॉटरपेपरने किंवा पत्रीने हळूहळू काढावा. ओली धूळ उडत नाही, खाली पडते. मात्र स्विचबोर्डाजवळ पाणी मारायचे नाही. त्या खोलीचा वीजपुरवठा आधी मेन स्विचवरून बंद करावा. घासायचे मशीन काम झटपट करते, पण बारीक धूळ घरभर पसरवते. रंग जाळून काढणे तर पूर्णपणे टाळावे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ब्लोलॅम्पच्या ज्योतीचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते आणि शिशाचा धूर थेट फुफ्फुसात जातो.

नाकाला रुमाल बांधून उपयोग नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. काम चालू असताना त्या खोलीत चहा, पाणी, तंबाखू काही नको. हातावरची धूळ तोंडात जाण्याचा तो हमखास मार्ग आहे.

सफाई करताना केरसुणी हातात घेऊ नये. कोरडा झाडू खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडवतो, आणि साध्या व्हॅक्युम क्लीनरच्या पिशवीतून बारीक कण मागून बाहेर पडतात. प्लॅस्टिक आतल्या बाजूला गुंडाळत उचलावे. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके पिळायला साधे पाणी. जमीन, खिडकीचे कट्टे आणि फळ्या पुसाव्यात, पाणी बदलावे, पुन्हा पुसावे. फडकी धुऊन परत वापरू नयेत. कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून घेऊ नये.

निघालेले पोपडे आणि धूळ तुळशीच्या कुंडीत, परसात किंवा गटारात टाकू नये. शिसे मातीत कुजत नाही. ते तिथेच राहते. पिशवीत घट्ट बांधून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे. रंगाचे रिकामे डबेही त्याच वर्गात मोडतात.

गूळ खाल्ला तर?

धुळीचे काम केल्यावर गूळ खावा, दूध प्यावे, म्हणजे सगळे साफ होते, असा समज आहे. श्वासातून गेलेली धूळ गुळाने निघत नाही. मात्र ज्या मुलात लोह आणि कॅल्शियम कमी असते, त्याचे शरीर शिसे अधिक शोषते, हे खरे आहे. म्हणून पालेभाज्या, नाचणी, डाळी, दूध यांचा आहार एरवीही हवाच. तो सावधगिरीची जागा घेऊ शकत नाही.

घरात मूल असताना कोरडी घासाघीस होऊन गेली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्यावी. पातळी वाढलेली असली तरी बहुतेक मुलांना औषध लागत नाही. धूळ हटवणे आणि आहार सुधारणे हाच उपचार असतो. शिसे बाहेर काढणारी औषधे खूप वाढलेल्या पातळीसाठी राखलेली असतात आणि ती रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.

नवा रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा उल्लेख आहे का, ते वाचावे. कारखान्यांसाठीचे औद्योगिक रंग या नियमांत येत नाहीत. त्यामुळे स्वस्त आणि टिकाऊ म्हणून असा डबा कोणी ग्रिलसाठी सुचवला, तर तो घरात आणू नये.

आणि काम रंगाऱ्याकडे दिले, तरी ही पथ्ये संपत नाहीत. तो वर्षभर हीच धूळ अंगावर घेतो आणि त्याच कपड्यांनी आपल्या मुलांकडे जातो. ओले घासायला वेळ जास्त लागतो. त्याची मजुरी ठरवताना तो एक दिवस धरावा, मास्क आणून द्यावा आणि निघताना हात-तोंड धुवायला साबण-पाणी द्यावे. त्यासाठी लागणारा खर्च रंगाच्या एका डब्याहून फार नाही.