आधी विचारा, पदवी कोण देणार?

मृग लागला की आपल्याकडे दोन धांदली एकदमच सुरू होतात. एक पेरणीची, दुसरी लेकरांच्या अ‍ॅडमिशनची. बियाणं-खताला पैसा लागतो त्याच दिवसांत कॉलेजची फीही भरायची असते. म्हणून जूनमधली गटाची बैठक म्हणजे कर्जमागणीची बैठक.

अशाच एका बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी चाळीस हजार मागितले. लेक बारावी सायन्स पास झालेली, तिला नर्सिंग करायचं होतं. ताईंच्या हातात रंगीत पत्रक होतं. त्यावर पांढऱ्या कपड्यातल्या हसऱ्या मुली, एका वर्षाचा कोर्स आणि 'शंभर टक्के नोकरी'. आम्ही विचारलं, "सर्टिफिकेट कोणत्या विद्यापीठाचं?" ताई म्हणाल्या, "ते काही लिहिलेलं नाही. पण बिल्डिंग मोठी हाय म्हणतात."

म्हैस घ्यायची तर आपण तिचं दूध काढून बघतो, दात बघतो, शेजाऱ्याला विचारतो. आणि लेकीची तीन-चार वर्षं एका पत्रकावर सोडून देतो. म्हणून आज याच विषयावर बोलायचं ठरवलं.

कॉलेज आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवतं कॉलेज, पदवी देतं विद्यापीठ. आपल्या हिंगोली जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९४ साली सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्याआधी आपला कारभार औरंगाबादच्या विद्यापीठातून चालायचा. म्हणजे मुलीनं बी.एस्सी. वसमतला केली काय, नांदेडला केली काय, पदवीच्या कागदावर नाव एकाच विद्यापीठाचं येतं. 'शहरातली डिग्री भारी' असं जे घरोघरी बोललं जातं, त्याचा एवढ्यापुरता तरी निकाल लागतो.

विषय बदलला की विद्यापीठही बदलतं. शेतीची पदवी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. डॉक्टरकी, बी.एस्सी. नर्सिंग यांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. इंजिनिअरिंगची बरीच कॉलेजं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. कॉलेजवाल्यांनी यातलं नाव सांगितलं, तरी विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या यादीत त्या कॉलेजचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का, ते बघायचं. कॉलेजला मान्यता असते, पण एखाद्या कोर्सला नसते. नेमकं तिथंच माणूस फसतं.

आमच्या ओळखीच्या एका मुलीचं असंच झालं. दोन वर्षं गेली, फी गेली. हातात सर्टिफिकेट आलं, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होईना. नर्सला नोंदणीशिवाय सरकारी दवाखान्यात नोकरी नाही. ती मुलगी आज एका दुकानात कामाला आहे, आणि तिची आई अजून गटाचे हप्ते फेडते आहे.

मग एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत फरक कशाचा? शिकवणाऱ्यांचा. कायम प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती, प्रयोगशाळेत मुलींना स्वतः प्रयोग करायला मिळतो की नुसता बघायला मिळतो? नॅकचा दर्जा ए, बी, सी अशा अक्षरांत असतो. तो बघावा, पण तारीखही बघावी, कारण तो ठरावीक वर्षांपुरताच असतो. खरी बातमी मात्र तिथं शिकणाऱ्या मुली देतात. गेटवरच्या चहाच्या गाड्यापाशी अर्धा तास थांबलं तरी पुष्कळ कळतं. तास होतात का, हॉस्टेलला पाणी आहे का, शेवटची एसटी गेली तर मुली काय करतात, हे विचारा.

आता पैशाचं. साध्या पदवीला विचारायचं, की ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो.

इंजिनिअरिंग, फार्मसी, शेती, नर्सिंग अशा व्यावसायिक कोर्सना मुलींसाठी २०२४ पासून मोठी सवलत आहे. इतर मागास, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास या गटांत बसणाऱ्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. पण इथं कान देऊन ऐका. ही सवलत सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच मिळते. 'फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा' असं म्हणून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश दिला, तर सवलत गेली. खासगी आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. आणि हॉस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च आपलाच राहतो. म्हणून चार वर्षांचा पूर्ण हिशेब कागदावर मांडा, नुसत्या पहिल्या वर्षाचा नको.

कॅपचा फॉर्म बहुतेक घरांत नेट कॅफेवाला भरतो. कॉलेजांची पसंतीसुद्धा तोच टाकतो! पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. त्यामुळे यादी घरी, लेकीनं स्वतः लिहावी, आणि पासवर्ड तिच्याच वहीत असावा.

पुतण्याच्या वेळी काय झालं त्यावरही जाऊ नका, नियम बदलतात. वैद्यकीय प्रवेशाचंच बघा. पूर्वी ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना असायच्या. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आपल्या मुलांना तोटा व्हायचा. तो नियम २०२० मध्ये रद्द झाला. आणि २०२४ मध्ये तर हिंगोलीतच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, ही कामं बारावीच्या वर्षातच सुरू करा. जूनमध्ये सेतूसमोर रांग असते. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.

त्या ताईंचं पुढं काय झालं? आम्ही दोघीजणी त्यांच्यासोबत गेलो, विद्यापीठाची यादी बघितली. पत्रकावरच्या संस्थेचं नाव त्यात नव्हतं. लेक दोन दिवस रडली. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी तिनं दिलेलीच नव्हती, कारण ती असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तिनं जवळच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि सीईटीचा अभ्यास धरला. गटानं चाळीस हजारांऐवजी सहा हजार दिले, पास आणि पुस्तकांसाठी. ताई म्हणाल्या, "हळद विकली की फेडते."