क्रॅब ॲपल नावाची जात नसते

हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागांत लिंबाहूनही लहान फळांनी लगडलेली काही झाडं दिसतात. ‘ही जंगली, खरं सफरचंद नव्हे,’ असं पर्यटक म्हणून टाकतात. ही क्रॅब ॲपलची झाडं बागवानांनी मुद्दाम लावलेली असतात. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना स्वतःच्या परागावर नीट फळ धरत नाही, दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. मांचुरियन, गोल्डन हॉर्नेट यांसारखी क्रॅब झाडं भरभरून फुलतात आणि तो पुरवतात. नातं जवळचं नसतं, तर हा पराग कामालाच आला नसता.

दोन्ही झाडं गुलाबाच्या कुळातल्या मॅलस या एकाच प्रजातीतली. या प्रजातीत जाती किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. 30 पासून 55 पर्यंत आकडे दिले जातात. त्यांत ‘क्रॅब ॲपल’ नावाची जात मात्र नाही. फळाचा व्यास साधारण 5 सेंटिमीटरच्या आत असला की ते क्रॅब, एवढीच बागवानांनी सोयीसाठी आखलेली रेघ. त्यामुळे सायबेरियापासून हिमालयापर्यंत रानात उगवणारी मॅलस बकाटा आणि युरोपातली मॅलस सिल्व्हेस्ट्रिस या वेगळ्या जातीही एकाच नावाखाली येतात.

ही युरोपी जातच आपल्या सफरचंदाची पूर्वज, असं बराच काळ मानलं जाई. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह 1929 मध्ये अल्माटीच्या परिसरात गेले, तेव्हा डोंगरउतारांवर त्यांना सफरचंदाची रानंच्या रानं दिसली. मूळ इथलं, हा त्यांचा निष्कर्ष. जनुकीय अभ्यासांनीही तिएनशान पर्वतातल्या मॅलस सिव्हर्सी या जातीकडेच बोट दाखवलं. गंमत पुढे आहे. हे सफरचंद व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे सरकत गेलं, तसा त्याचा युरोपी क्रॅबशी वारंवार संकर झाला, आणि आजच्या सफरचंदात तिच्या जनुकांचा वाटा चांगलाच मोठा आहे. जुनी समजूत अगदीच टाकाऊ नव्हती तर!

वर्गीकरणाचे घोळ शास्त्रज्ञांनीही घातलेत. लिनियसने 1753 मध्ये सफरचंद आणि नासपती एकाच प्रजातीत बसवले. फिलिप मिलरने पुढच्याच वर्षी ते वेगळे केले.

आपल्याकडच्या बाजारातलं ‘ॲपल बोर’ हा सफरचंद-बोराचा संकर, ही समजूत तर साफ चुकीची. ते निखळ बोरच, फक्त मोठ्या फळाच्या वाणाचं. बोराचं कुळच वेगळं. सफरचंदाच्या परागाने त्याला फळ धरणार नाही.